त्रेपन्नाचे पस्तीस

हॉस्पिटलमध्ये त्याला सगळे ‘बिनचूक’ म्हणत. हे नाव ठेवलं नोंदणी खिडकीवरच्या बाईंनी. बारा वर्षांपूर्वी एका रविवारी हॉस्पिटलचे सगळे कॉम्प्युटर एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलवले होते, आणि सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला एकूण एक सुरू झाला. बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हटलं, ‘‘हा माणूस नव्हे, बिनचूक आहे बिनचूक!’’ तेव्हापासून ते नाव चिकटलं. तो वरवर ‘‘अहो, काहीतरीच काय’’ म्हणायचा, पण मनातून सुखावायचा. घरी बायकोला फोनवर सांगताना एकदा तो चुकून ‘‘बिनचूक बोलतोय’’ म्हणाला होता. ती शाळेत गणित शिकवायची. हसून म्हणाली होती, ‘‘उत्तर तपासल्याशिवाय मी कुणालाच बिनचूक म्हणत नाही.’’

नेटवर्कचं सगळं काम त्याच्याकडे होतं. तळमजल्यावर लिफ्टच्या मागे बिनखिडकीची खोली, आत घुंइंइं करणारी यंत्रं, आणि ती तापू नयेत म्हणून असा गारठा की भर उन्हाळ्यात खुर्चीच्या पाठीवर स्वेटर. त्या खोलीतून तो सगळ्या मजल्यांवरचे स्विच सांभाळायचा. स्विच म्हणजे दिवा लावायचं बटण नव्हे. एका मजल्यावरच्या सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा ज्या चपट्या डब्यात येऊन मिळतात आणि तिथून पुढे जातात, तो डबा.

तारा ओढायचं काम वायरमामांचं. साठीला टेकलेला, बुटका, रुंद पंजांचा माणूस. बिनचूक नोकरीला लागला तेव्हा त्याला तारेचं टोक सोलून त्यातल्या आठ बारीक तारा रंगाप्रमाणे लावून त्यावर प्लास्टिकचा खटका कसा बसवायचा, हे मामांनीच शिकवलं होतं. त्याने पहिले चौदा खटके वाया घालवले. मामा प्रत्येक वेळी नुसतं ‘‘पुन्हा’’ म्हणत राहिले. पंधरावा बसला तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीत असा धपका घातला की चष्मा नाकावरून सुटला. सगळे त्यांना मामा म्हणत, पण त्यांनी ‘भाच्या’ म्हटलं फक्त यालाच.

हॉस्पिटलची नवी इमारत उभी राहिली. तीन मजले. मामांनी चार महिने खपून तारा ओढल्या, छताच्या पांढऱ्या फळ्यांवर नेटक्या बांधल्या, प्रत्येक टोकाला आपल्या हाताने चिठ्ठी लावली. मग अकरा नवे स्विच आले, ते बिनचूकने चालू करायचे होते. शुक्रवारी नवे वॉर्ड उघडायचे, आणि स्विच हातात पडले बुधवारी दुपारी.

त्यातलं एक काम अगदी साधं असतं. माणसं यंत्रांना नावाने ओळखतात आणि यंत्रं एकमेकांना आकड्यांनी. एक्स-रे ज्या यंत्रात साठतात त्याला सिस्टर ‘एक्स-रे’ म्हणूनच हाक मारणार. पण त्या नावामागचा आकडा कोणता, हे सांगणारं एक वेगळं यंत्र असतं. त्याला डीएनएस सर्व्हर म्हणतात. नव्या इमारतीत कॉम्प्युटरने स्विचला विचारायचं आणि स्विचने जाऊन डीएनएस सर्व्हरला विचारून यायचं, अशी योजना होती. म्हणजे स्विचला एवढंच सांगून ठेवायचं, की नाव विचारायला या पत्त्यावर जा. तिथे कुणी नसलं तर त्या दुसऱ्या पत्त्यावर जा. दोन ओळी.

पहिल्या पत्त्याचा शेवटचा आकडा त्रेपन्न. बिनचूक तोंडाने पुटपुटत टाइप करायचा, ही त्याची जुनी सवय. ‘‘त्रेपन्न’’ म्हणाला, आणि बोटांनी आधी तीन दाबला, मग पाच. आपल्या बोलण्यात तीन आधी येतो ना! पडद्यावर पस्तीस उमटलं. पस्तीसच्या पत्त्यावर कुणीच राहत नव्हतं. त्याने दुसरी ओळ बरोबर लिहिली, पहिल्या स्विचवर एकदा नाव विचारून पाहिलं, उत्तर जरा रेंगाळत आलं. ‘नवीन आहे, गरम व्हायला वेळ लागेल,’ असं काहीतरी तो मनाशी म्हणाला. मग त्याच ओळी उचलून उरलेल्या दहांवर चिकटवल्या. संध्याकाळी सहाच्या आत अकरा स्विच! शिट्टी वाजवत घरी गेला.

शनिवार-रविवारी नव्या वॉर्डांतल्या खाटा भरल्या, आणि सोमवारी सकाळपासून फोन सुरू झाले. एक्स-रे उघडत नाही. उघडतो, पण इतका वेळ लागतो की तोवर डॉक्टर पुढच्या खाटेवर जातात. तपासणीचे अहवाल कधी येतात, कधी येत नाहीत. जुन्या इमारतीत सगळं झकास, नव्या इमारतीत रडारड. खरं तर घडत होतं ते असं, की स्विच प्रत्येक नावासाठी आधी पस्तीसचं दार ठोठावायचा, कुणी ओ देत नसे, थांबून पुन्हा ठोठावायचा, आणि मग कुठे दुसऱ्या पत्त्याकडे वळायचा. तोवर कॉम्प्युटरच कंटाळून नाद सोडायचा.

अधीक्षक बाईंनी दोघांना खोलीत बोलावलं. बाई एका वाक्यात विचारायच्या आणि एका वाक्यात उत्तर मागायच्या. ‘‘दोष कशात आहे?’’

बिनचूकने तोपर्यंत काहीही तपासलं नव्हतं. पण ‘बघून सांगतो’ हे शब्द त्या नावाच्या माणसाला शोभणारे नव्हते. ‘‘स्विच नवे आहेत, मी स्वतः लावलेत,’’ तो म्हणाला. ‘‘जुन्या इमारतीत चालतंय आणि नव्या इमारतीत मध्येच अडतंय, म्हणजे वायरिंग. कुठेतरी खटके सैल राहिलेत.’’

बाईंनी मामांकडे पाहिलं. मामांनी बिनचूककडे पाहिलं. ‘‘मी सगळ्या तारा टेस्टरवर पाहिल्यात,’’ ते सावकाश म्हणाले. ‘‘पण हा म्हणतोय तर असेल. पुन्हा बघतो सगळं.’’

‘‘सगळं म्हणजे?’’

‘‘तिन्ही मजले. रोज एक.’’

मंगळवारी सकाळी मामांनी पहिल्या मजल्यावर शिडी लावली. उजवा गुडघा धरलेला, म्हणून एकेका पायरीवर आधी डावा पाय, मग उजवा, असं लहान मुलासारखं चढायचे. छताची फळी सरकवायची, तार खाली घ्यायची, चांगला बसलेला खटका कापून टाकायचा, नवा बसवायचा, टेस्टरवर आठ दिवे बघायचे, तार परत वर.

दुपारी जेवण झाल्यावर बिनचूक आपल्या खोलीत नुसता बसला होता. सहज म्हणून त्याने तिथूनच नव्या इमारतीतला एक कॉम्प्युटर चालवून एक्स-रेच्या यंत्राला थेट आकड्याने हाक मारून पाहिली. उत्तर चुटकीसरशी आलं. नावाने मारली. रेंगाळली. पुन्हा आकड्याने, चुटकीसरशी. तार सैल असती तर दोन्ही अडखळायला हवी होती. त्याने स्विचमधल्या ओळी उघडल्या. आणि पस्तीस दिसलं.

कानशिलं अशी तापली की त्या गारठ्यातही घाम फुटला. नवशिक्यानेही जे पहिल्या पाच मिनिटांत करून पाहिलं असतं, ते त्याने दोन दिवस केलं नव्हतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

तो उठला. खरंच उठला, पहिल्या मजल्यापर्यंत गेलाही. जिन्याच्या दारातून मामांचे पाय दिसले, शिडीच्या पाचव्या पायरीवर. खाली एक मावशी शिडी धरून उभ्या. मामा वरूनच म्हणाले, ‘‘कोण, भाच्या का? अरे, अजून एकही सैल सापडला नाही रे. पण असेल, असेल. तू म्हणतोस म्हणजे असणारच.’’

त्याने तोंड उघडलं. ‘‘सावकाश करा मामा,’’ एवढंच बाहेर आलं. आणि तो खाली परतला.

परतल्यावर त्याने जे केलं, ते त्याला पुढे कधीच स्वतःला नीट सांगता आलं नाही. एका ओळीची दुरुस्ती होती. अकराही स्विच अर्ध्या तासात सुधारले असते. पण मग सगळ्या मजल्यांवर एकदम चालू झालं असतं, आणि मामा तर अजून पहिल्याच मजल्यावर. लोकांनी विचारलं असतं. म्हणून तो थांबला. संध्याकाळी मामांनी पहिला मजला संपवला, शिडी मिटली, आणि मग त्याने पहिल्या मजल्याचे तेवढे चार स्विच दुरुस्त केले. बुधवारी सकाळी सिस्टर म्हणाल्या, पहिला मजला पळतोय! मामांनी सुटकेचा श्वास टाकला. ‘‘बघ, होताच सैल. मलाच दिसला नाही.’’

बुधवारी मामा दुसरा मजला उतरले, की मागोमाग याने दुसरा मजला दुरुस्त केला. चोराने पावलांवर पाऊल टाकत जावं तसा तो एका म्हाताऱ्या माणसाच्या कष्टांच्या मागोमाग चालत होता. दोन दिवस डबा तसाच घरी परत नेला. बायकोने विचारलं तर ‘‘पोट बरं नाही’’ म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं.

गुरुवारी तिसरा मजला. तिथल्या मुख्य सिस्टर कडक. शिडी लावायला दोन खाटा सरकवाव्या लागल्या. एका आजीबाईंच्या अंगावर छताची पांढरी भुकटी पडली. सिस्टर कडाडल्या, ‘‘पहिल्याच वेळी नीट करायला काय होतं तुम्हाला? आजारी माणसांच्या डोक्यावर हा तमाशा कशासाठी?’’

मामा शिडीवरून उतरले. आधी डावा पाय, मग उजवा. आपल्या खिशातला रुमाल काढून त्यांनी आजीबाईंच्या पांघरुणावरची भुकटी झटकली, आणि हात जोडले. ‘‘चुकलं माझं, सिस्टर. वय झालं, हात चुकतो. एवढं आजचं होऊ द्या, पुन्हा त्रास नाही देणार.’’

बिनचूक दारात उभा होता, सिस्टरनीच बोलावलं म्हणून आलेला. सिस्टर त्याच्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘तुम्ही तरी लक्ष ठेवत जा यांच्यावर.’’

त्याने मान हलवली. होकारार्थी. त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण फरशी पक्की होती, आणि तो त्या फरशीवर उभाच राहिला.

शुक्रवारी सगळं हॉस्पिटल सुरळीत चालू. अधीक्षक बाईंनी त्याला बोलावून शाबासकी दिली: ‘‘तुम्ही पहिल्या मिनिटाला दोष ओळखलात.’’ नव्या इमारतीच्या नेटवर्कचा प्रमुख म्हणून त्याचं नाव वर पाठवते, असंही म्हणाल्या. मग त्यांनी टेबलाच्या खणातून किल्ल्यांचा एक जुडगा काढला. ‘‘हे मामा सकाळी ठेवून गेले. म्हणाले, आता माझ्या हातांचा भरवसा नाही. इथे चूक म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ. मी थांबवायला गेले, ऐकेनात.’’

तो घरी आला तेव्हा बायको वह्या तपासत होती. त्याने चपलाही काढल्या नाहीत. दारातच उभा राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून टाकलं. तिने लाल पेन बाजूला ठेवलं. उघडी वही मिटली.

‘‘काहीतरी बोल,’’ तो म्हणाला.

‘‘मी काय बोलू? मला सांगून तुझं ओझं हलकं होईल, त्यांचं नाही.’’ मग म्हणाली, ‘‘आकडा चुकला, ते मी समजू शकते. पोरं रोज चुकतात. पण त्या बाई ओरडत असताना तू तिथे उभा होतास ना?’’

‘‘होतो.’’

‘‘मग उद्या जा.’’

तो शनिवारी गेला नाही. रविवारी गेला.

मामांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दार मामींनी उघडलं. ‘‘बरं झालं आलात,’’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘‘तुमचं ऐकतील. दोन दिवस झाले, तारा कापत बसलेत. खटका बसवायचा, टेस्टरवर बघायचा, कापायचा. सगळे बरोबर येतायत हो! मला आंधळीलासुद्धा ते हिरवे दिवे दिसतात. पण यांना पटत नाही.’’

मामा आतल्या टेबलाशी बसले होते. समोर कापलेल्या टोकांचा ढीग. चष्म्यावर आणखी एक भिंग दोऱ्याने बांधलेलं. ‘‘ये भाच्या,’’ ते म्हणाले. ‘‘बघ रे, तुला तरी दिसतंय का काय चुकतंय माझं? इथे सगळे नीट बसतायत. मग तिथे कसे सैल राहिले?’’

तो खुर्चीवर बसला नाही. ‘‘तिथेही सैल नव्हते मामा.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘एकही सैल नव्हता. मी आकडा चुकवला होता. त्रेपन्नच्या जागी पस्तीस टाकलं. तुमच्या तारांत काही नव्हतं.’’

मामांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ते पाहून त्याला आणखीच वाईट वाटलं, कारण तो निखळ आनंद होता. त्यांनी दोन्ही पंजे समोर धरून उलटसुलट पाहिले. ‘‘अगं, ऐकलंस का?’’ ते मामींना ओरडून म्हणाले. ‘‘हात ठीक आहेत माझे!’’ आणि हसले. त्याच्याकडे वळून, अजून हसतच, त्यांनी विचारलं, ‘‘मग हे कळलं कधी तुला?’’

‘काल’ म्हणता आलं असतं. तो शब्द जिभेवर तयारच होता.

‘‘मंगळवारी,’’ तो म्हणाला. ‘‘दुपारी.’’

मामांचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू उतरत गेलं. ते मनातल्या मनात मंगळवारपासूनचे दिवस मोजताना दिसत होते. ‘‘मंगळवारी मी पहिल्या मजल्यावर होतो.’’

‘‘हो.’’

‘‘तू जिन्यात आलास. सावकाश करा म्हणालास.’’

‘‘हो.’’

‘‘आणि गुरुवारी सिस्टर बोलत होत्या तेव्हा...’’

त्याने मान खाली घातली.

मामींनी हातातला चहाचा कप टेबलावर ठेवायचा की नाही, या विचारात तसाच धरून ठेवला होता. मामा टेबलावरची कापलेली टोकं एकेक करून हातात गोळा करू लागले. ‘‘टेस्टर मला सांगत होता, तार चांगली आहे,’’ ते म्हणाले. ‘‘तीन दिवस सांगत होता. मी त्याचं ऐकलं नाही. म्हटलं, टेस्टर खोटं बोलेल, हा नाही बोलणार.’’

‘‘मामा, मी...’’

‘‘माझी माफी नका मागू.’’ त्यांनी मुठीतली टोकं डब्यात टाकली. ‘‘ज्यांच्यासमोर मी हात जोडले, त्यांच्यासमोर सांगा. आता जा तुम्ही.’’

‘तुम्ही.’ वीस वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी त्याने अधीक्षक बाईंना सांगितलं. बाईंनी नेहमीप्रमाणे एका वाक्यात विचारलं, ‘‘हे मला शुक्रवारी का नाही सांगितलंत?’’ त्याचं उत्तर एका वाक्यात मावणारं नव्हतं, दहातही नाही. तो म्हणाला, ‘‘शाबासकी गोड लागली.’’ मग तो तिसऱ्या मजल्यावर गेला. मुख्य सिस्टर औषधांची गाडी लावत होत्या. शेजारी दोन सिस्टर, शिडी धरणाऱ्या मावशी. त्याने सगळ्यांदेखत सांगितलं. सिस्टरनी हातातली बाटली खाली ठेवली आणि त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘त्यांचा फोन नंबर द्या मला.’’ त्या भुकटी पडलेल्या आजीबाई मात्र खाटेवरून खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘‘बिचाऱ्याने आपला रुमाल घाण केला माझ्यापायी!’’ हे त्याला सिस्टरच्या शब्दांपेक्षा जास्त झोंबलं.

त्याला लेखी ताकीद मिळाली. नव्या इमारतीचा प्रमुख बाहेरून दुसराच आणला. ‘बिनचूक’ म्हणणं लोकांनी आपोआप बंद केलं. सुरुवातीला कुणीकुणी ‘पस्तीस’ म्हणायचे, तो ‘ओ’ द्यायचा, मग त्यातलीही गंमत संपली. मुख्य सिस्टर स्वतः मामांच्या घरी जाऊन आल्या. मामा दहा दिवसांनी परत कामावर आले, आणि किल्ल्यांचा जुडगा बाईंनी सगळ्यांसमोर त्यांच्या हातात दिला.

नंतर दोन वर्षं दोघांनी एकत्र काम केलं. मामा कामात कधी आडवे आले नाहीत, कधी टोमणा मारला नाही, मागितलेली तार वेळेच्या आत ओढून दिली. फक्त चहाची वेळ झाली की आपला कप घेऊन मावशींशी बोलत बसायचे. कुणी मुद्दाम विषय काढलाच, तर म्हणायचे, ‘‘झालं ते झालं, साहेबांनी कबूल केलंय.’’ शिवी परवडली असती.

तो आता दोन ओळीसुद्धा कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घेतो. नवे लोक म्हणतात, म्हातारा झाला, धास्तावला. तो त्यांना सगळं सांगतो, पस्तीसपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत. आकड्याच्या गोष्टीला ते हसतात. तेवढी गोष्ट हसण्यासारखीच आहे. पुढचं ऐकताना त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. त्या नजरेची सवय होईल असं त्याला वाटलं होतं. झाली नाही.

मामा निवृत्त झाल्यावर वर्षभराने एकदा बाजारात दोघं समोरासमोर आले. मामींच्या हातात भाजीची पिशवी, मामा विजेरीचे सेल घेत होते. तो पिशवीकडेच बघत राहिला. मामीच म्हणाल्या, ‘‘घरी या की कधी. रस्ता विसरलात का?’’

त्याने मामांकडे पाहिलं. मामा सेल विजेरीत घालून, काच तळहातावर धरून प्रकाश पडतो का ते बघत होते. पडत होता. ‘‘रविवारी असतो मी घरी,’’ ते विजेरीकडे बघतच म्हणाले.

त्या रविवारी बायकोने दोनदा विचारलं, ‘‘निघालास का?’’ दोन्ही वेळा तो ‘‘हो’’ म्हणून बसून राहिला. शेवटी चारच्या सुमारास उठला, शर्ट बदलला, आणि गेला.